भिंतीत कोणी राहत नाही

भिंतकाकांचं खरं नाव आता फक्त मतदार यादीला आणि कर कचेरीला ठाऊक होतं. चौतीस वर्षं एकच विषय लावून धरणाऱ्या माणसाला लोक त्या विषयाच्याच नावाने हाक मारू लागतात, आणि काकांचा विषय होता भिंत. त्यातही स्वतःची भिंत नव्हे, समस्त नागरिकांची भिंत. हा फरक काका पहिल्याच भेटीत समजावून सांगत, आणि म्हणून बहुतेकांच्या बाबतीत पहिली भेट हीच शेवटची ठरत असे.

प्रकरण असं होतं. घरपट्टीची मोजणी बाहेरून व्हायची. कचेरीची दोन माणसं यायची, अंगणातून लांबी घ्यायची, जिन्यातून रुंदी घ्यायची, गुणाकार करायची आणि चहालाही न थांबता निघून जायची. काका कापडाच्या दुकानात काउंटरवर होते. मीटरपट्टी हातात धरून ज्याने उभी हयात काढली, त्याच्या नजरेतून ही गोष्ट सुटणं शक्यच नव्हतं. इमारत जुनी, भिंती सव्वा फूट जाड. सगळ्या भिंतींची जागा एकत्र केली तर ती काकांच्या स्वयंपाकघराएवढी भरत होती. म्हणजे ज्यात पाऊल टाकता येत नाही अशा एका स्वयंपाकघराची पट्टी ते दरवर्षी मुकाट्याने भरत होते. शिवाय शेजारचे कॅशियर आणि काका यांच्यामधली भिंत एकच, पण ती दोघांच्याही मोजणीत पुरती धरलेली.

"कापड ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेलं असतं, त्या नळीचे पैसे मी गिऱ्हाइकाकडून मागितले असते, तर मालकांनी मला त्याच नळीनं हाणलं असतं," काका म्हणायचे.

त्याच आठवड्यात त्यांनी कचेरीला पहिलं पत्र लिहिलं. अक्षर टपोरं, समास चार बोटांचा, भाषा नम्र. शेवटचं वाक्य होतं, 'भिंतीत कोणी राहत नाही, ही बाब कृपया लक्षात घ्यावी.' पत्र त्यांनी मोठ्या पाकिटात सपाट ठेवलं. कचेरीशी संबंधित कागदाची घडी घालायची नाही, हा त्यांचा दंडक. घडी पडलेल्या कापडाला जशी किंमत कमी येते, तशीच कागदालाही येते असं त्यांचं ठाम मत होतं. या दंडकापायी चौतीस वर्षांत टपालाचा खर्च किती वाढला, ते काकूंनी एकदा मोजायला घेतलं होतं आणि मध्येच सोडून दिलं होतं.

उत्तर आलं नाही. पण इमारतीत सल्ले मिळायला उत्तराची गरज नव्हती.

तळमजल्यावर औषधांचं दुकान होतं. औषधवाले गोळ्या मोजता मोजता म्हणाले, "काका, एका माणसाचं पत्र म्हणजे तक्रार. तीन माणसांचं पत्र म्हणजे चळवळ. समिती काढा." समिती निघाली. काका अध्यक्ष, औषधवाले चिटणीस, काकू खजिनदार. समितीपाशी खजिना कधीच नव्हता, त्यामुळे काकूंच्या कारभारात एकही चूक निघाली नाही. मग कॅशियर म्हणाले, "आमच्या बँकेत छापील मथळ्याशिवाय आम्ही कागदाला हात लावत नाही." मथळा छापला. ते पत्र घेऊन काका कचेरीत खिडकी क्रमांक चारवर गेले. तिथल्या कारकुनाने कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "शिक्का?" शिक्का बनवला. पुढच्या खेपेला कारकून म्हणाला, "कार्यालय कुठं आहे तुमचं? पाटी आहे का? पाटी नाही म्हणजे कार्यालय नाही, कार्यालय नाही म्हणजे समिती नाही." तेव्हा काकांनी पितळी पाटी करवून घेतली. 'कर सुधारणा समिती, मुख्य कार्यालय.' त्यातला 'मुख्य' हा शब्द कुणीही सुचवला नव्हता. तो काकांनी स्वतः घातला, पुढेमागे शाखा निघतील म्हणून.

ही पाटी लागली ती मागच्या खोलीच्या दारावर. आणि मागच्या खोलीबद्दल थोडं बोलावं लागेल, कारण सगळं गाडं तिथेच अडलं होतं.

काकू एका रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर होत्या. तीस वर्षं. त्यांची खुर्ची जिन्याखालच्या कोठडीत होती, समोर बटणांची पाटी आणि तिच्यामागे भिंत. बाहेर ऊन आहे की अंधारून आलंय, हे त्यांना फोन करणाऱ्या माणसाला विचारावं लागे. काकांच्या घरात धड उजेडाची खिडकी एकच, आणि ती मागच्या खोलीत. खाली मोकळं मैदान, कडेला चार झाडं, पलीकडे रस्ता. काकांनी शब्द दिला होता, "तू निवृत्त झालीस की ती खोली तुझी." काकूंनी निवृत्तीच्या महिन्यातच हातांची एक लाकडी खुर्ची आणून ठेवली. आणली तेव्हापासून तिचा एक पाय आखूड होता, बसलं की ती डुगडुगायची. पण बसायचं कुठे हाच प्रश्न होता. खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फाइली होत्या. खिडकीची खालची अर्धी बाजू 'आवक' या विभागाने झाकली होती, वरच्या अर्ध्या बाजूसमोर 'स्मरणपत्रे' होती.

"अहो, खोली?" काकू विचारायच्या.

"नियम बदलला की लगेच," काका म्हणायचे. "आता फार दिवस नाहीत."

काकू त्यावर ऑपरेटरच्या जुन्या आवाजात म्हणायच्या, "कृपया प्रतीक्षा करा." आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या. अशी सहा वर्षं गेली. खुर्ची बाहेरच्या खोलीत दाराआड उभी होती आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जात.

आणि एक दिवस नियम खरोखर बदलला.

काकांना ते वर्तमानपत्राच्या पाचव्या पानावर कळलं, खाली कोपऱ्यात. 'यापुढे मोजणी घराच्या आतून होईल. भिंतींची जागा करातून वगळण्यात येत आहे.' काकांनी ते उभं राहून वाचलं. मग बसून वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचं लक्ष पुढच्या ओळीवर गेलं. हा बदल 'तज्ज्ञांच्या शिफारशीवरून' झाला होता.

"तज्ज्ञ कोण?" काकांनी विचारलं. घरात काकूंशिवाय कोणी नव्हतं, आणि काकूंनी तो तज्ज्ञ आपण नसल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते नवा सदरा घालून खिडकी क्रमांक चारवर गेले. पहिला कारकून निवृत्त होऊन त्याच्यानंतरचा हा पाचवा. "काय काम आहे?" त्याने विचारलं.

"माझं काम झालं आहे," काका गंभीरपणे म्हणाले.

"मग रांगेतून बाजूला व्हा," कारकून म्हणाला.

काका बाजूला झाले. या माणसाने आयुष्यात कधी स्वतःसाठी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि त्या दिवशी त्याला फार नाही, नुसतं एक 'बरं केलंत' हवं होतं. ते त्यांना कचेरीत मिळालं नाही. इमारतीत मात्र जिन्यावर टाळ्या वाजल्या, औषधवाल्यांनी खोकल्याच्या गोळ्यांची मोठी बाटली भेट दिली आणि कॅशियरांनी 'आपल्या दोघांच्या भिंतीला न्याय मिळाला' असं छोटं भाषण केलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे उचलून कपाटात ठेवले.

आतून मोजायचं म्हणजे आत यावं लागतं, ही गोष्ट काकांसकट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

मोजणीवाल्या बाई तीन आठवड्यांनी आल्या. पन्नाशीच्या, शांत, कमरेला फीत, हातात वही. त्या प्रथम औषधवाल्यांकडे गेल्या आणि दुकानावरचा माळा त्यांना दिसला, जो कागदोपत्री कधी अस्तित्वात नव्हता. मग त्या कॅशियरांकडे गेल्या. कॅशियरांची हवेशीर गॅलरी चारी बाजूंनी बंद होती आणि तिच्यात त्यांचे सासरे अकरा वर्षं झोपत होते. ते त्या वेळीही झोपलेलेच होते, त्यामुळे नाकारायला जागा उरली नाही. वरच्या मजल्यावर शिवणवाल्या ताईंकडे एका खोलीत तीन यंत्रं चालू सापडली. प्रत्येकाची भिंतीपुरती पट्टी कमी झाली, आणि भिंतींच्या आत जे दिसलं त्याने दुप्पट वाढली.

जिन्यात काकांशी बोलणं बंद झालं. एकटे कॅशियर बोलले, तेही आयुष्यभराचं साठवून. "भिंतकाका, चौतीस वर्षं ती बिचारी माणसं बाहेर उभी राहून मोजायची आणि जायची. तुम्ही त्यांना हाताला धरून आत आणलंत!"

काकांना वाईट वाटलं, पण फार नाही. सुधारणा झाली की थोडी धूळ उडतेच असं ते स्वतःला सांगत होते. शिवाय आता बाई त्यांच्या दाराशी उभ्या होत्या, आणि काकांना दुसरं काही सुचत नव्हतं. चौतीस वर्षं ज्या कचेरीच्या खिडकीपाशी ते उभे राहिले, त्या कचेरीचं कुणीतरी आज पहिल्यांदाच त्यांच्या घरी आलं होतं.

बाईंनी पुढची खोली मोजली, स्वयंपाकघर मोजलं आणि त्या मागच्या दारापाशी थांबल्या. "मुख्य कार्यालय," त्यांनी पाटी मोठ्याने वाचली.

"या, या," काका म्हणाले, आणि त्यांनी सगळं दाखवलं. छापील मथळे दाखवले. शिक्का दाखवला, शाईच्या गादीसकट. आवक-जावक नोंदवही उघडून दाखवली, तीत एकही दिवस कोरा नव्हता. दोनशे बारा फाइलींपैकी निवडक वीस बाईंच्या हातात दिल्या. बाई मान डोलवत वहीत लिहीत होत्या. आपलं कार्य कुणीतरी अखेर नोंदवून घेतंय या आनंदात काका पुढची फाइल काढत होते.

"या खोलीत कोणी राहतं का?" बाईंनी विचारलं.

"छे!" काकांना प्रश्नच अपमानकारक वाटला. "इथं फक्त कार्यालयीन काम चालतं."

काकू दारात चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. कप टेबलावर ठेवून त्या गेल्या.

आठव्या दिवशी नोटीस आली. मागची खोली 'कार्यालय' म्हणून नोंदली गेली होती. त्या खोलीला तिप्पट दर. पण काकांचं बोट थांबलं ते खालच्या ओळीवर. 'कार्यालय म्हणून नोंद झालेल्या खोलीचा राहण्यासाठी वापर करता येणार नाही. हरकत असल्यास एकवीस दिवसांत फेरतपासणीसाठी अर्ज करावा.'

काकूंनी नोटीस दोनदा वाचली. "म्हणजे आता मी तिथं बसले तर तो गुन्हा," त्या म्हणाल्या.

"अगं, आपण हरकत घेऊ."

"तीस वर्षं मी भिंतीकडे तोंड करून बसले. तुम्ही चौतीस वर्षं भिंतीसाठी भांडलात." काकूंचा आवाज चढला नव्हता, म्हणून काकांना जास्त भीती वाटली. "या घरात भिंतीसाठी सगळं आहे. मला फक्त खिडकी पाहिजे होती हो. आणि तुम्ही त्या बाईंना सांगितलंत, इथं कोणी राहत नाही."

काकांनी कोरा कागद पुढे ओढला.

त्याच दुपारी त्यांनी अर्ज केला आणि पाटी स्वतः काढली. पण खिडकी चारच्या कारकुनाने सांगितलं, "पाटी काढून भागणार नाही. जिथं दप्तर, तिथं कार्यालय. फाइली स्वयंपाकघरात नेल्या तर स्वयंपाकघर कार्यालय होईल." औषधवाल्यांकडे माळा होता, पण ते आता चिटणीस राहिले नव्हते. त्यांनी दुकानातूनच सल्ला दिला, "रद्दी करा सगळी." काकांनी ते ऐकलं आणि ते तीन दिवस जेवले ते नावापुरतं. हसण्यासारखंच होतं म्हणा. पण ज्याने आयुष्यात दुसरं काही जमवलं नाही, त्याला ते जमवलेलं फेकायला सांगणं सोपं नसतं.

चौथ्या दिवशी काकू वैतागून म्हणाल्या, "त्या फाइली त्या भिंतीत गाडा तरी एकदाच्या!"

काका घास हातात धरून थांबले. "भिंतीत कोणी राहत नाही," ते हळूच म्हणाले. "भिंतीवर पट्टी नाही."

सुतार आला तेव्हा त्याला समजायला वेळ लागला. "म्हणजे भिंतीतलं कपाट ना?"

"कपाट नाही. कपाटाला दार येतं. दार आलं म्हणजे दप्तर आलं. मला भिंत हवी. पुढून फळ्या, वर रंग, सलग."

"मग कागद लागले तर बाहेर कसे काढायचे?"

काकांनी मीटरपट्टी टेबलावर सरळ ठेवली. "काढायचे नाहीत," ते म्हणाले.

सुताराने यावर वाद घातला नाही. तो मोजू लागला, आणि काका त्याच्या मागोमाग पुन्हा मोजू लागले, कारण दुसऱ्याच्या मोजणीवर त्यांचा विश्वास नव्हता. दोघांचा हिशोब एकच निघाला. तीन बाजूंनी नवी भिंत उभी केली तर एकशे एकाहत्तर फाइली मावत होत्या. एक्केचाळीस उरत होत्या. फळ्या आणखी पुढे घ्याव्यात, तर खुर्चीला जागा राहत नव्हती.

"चौथ्या बाजूला घेऊ की," सुतार सहज म्हणाला. "खिडकी जाईल, पण सगळं बसेल."

काकांनी तिसऱ्यांदा मोजलं. कापडाच्या दुकानात ते कधी तीनदा मोजत नसत. मग ते खिडकीशी गेले, 'आवक' आणि 'स्मरणपत्रे' यांच्या फटीतून त्यांनी बाहेर पाहिलं, आणि सुताराला म्हणाले, "खिडकी राहू दे."

एक्केचाळीस फाइली म्हणजे पहिली अकरा वर्षं. रद्दीत द्यायला ती निवडली ती काकांनीच, कारण नंतरच्या पत्रांत मुद्दे जास्त पक्के होते. दोघं जमिनीवर बसून गठ्ठे बांधत होते. काकूंनी सगळ्यात तळाची फाइल उघडली आणि पहिल्या पत्राची काकांनी हाताने लिहून ठेवलेली प्रत उजेडात धरली. इतक्या वर्षांत तिला एक चुणी पडली नव्हती.

"तेव्हा तुमचं अक्षर किती छान होतं," त्या म्हणाल्या. "ठेवायचं का हे एक?"

काकांना ते ठेवावंसं वाटत होतं. फार वाटत होतं. "एक ठेवलं की दप्तर होतं," ते म्हणाले, आणि त्यांनी सुतळीची गाठ मारली. रद्दीवाल्याने वजन केलं तेव्हा मात्र ते काट्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होते. वजनकाट्याकडे त्यांनी पाठ फिरवल्याची ही पहिलीच वेळ.

फेरतपासणीला त्याच बाई आल्या. खोली ओळखू येत नव्हती. पांढऱ्या तीन भिंती, एक खिडकी, खिडकीत ऊन, आणि मधोमध खुर्चीवर बसलेल्या काकू. काका दारात हात जोडून उभे होते. बाईंनी फीत लावली आणि वहीतला जुना आकडा पाहिला.

"खोली लहान झाली," त्या म्हणाल्या.

"भिंती जाड झाल्या," काका म्हणाले.

बाईंनी भिंतीवर बोटाने टकटक केलं. आवाज पोकळ आला. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकूंनी श्वास रोखला, कारण नवऱ्याला त्या चांगल्याच ओळखून होत्या. कर कचेरीशी हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता, आणि खरं बोलायला आजच्याइतका वाईट दिवस नव्हता.

"आत काय आहे?" बाईंनी विचारलं.

"कागद," काका म्हणाले. "एकशे एकाहत्तर फाइली. बाहेर काढता येत नाहीत. दार नाही."

बाईंनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं आणि खिडकीच्या उजेडात शांतपणे वाचलं. भिंत किती जाड असावी, याला नियमात मर्यादा नव्हती. अशी मर्यादा घालू नये, असं काकांनीच एकदा अठरा पानी पत्रात मांडलं होतं. ते कुणी वाचलं होतं की काय, हे आता विचारायची सोय नव्हती, कारण त्याची प्रत भिंतीत होती.

"दार नाही म्हणजे भिंतच," बाई म्हणाल्या. त्यांनी 'कार्यालय' हा शब्द खोडला. "इथं कोण राहतं?"

काकांनी घसा साफ केला. "ही राहते," ते म्हणाले. "ही खोली हिची आहे."

बाईंनी तसं लिहून घेतलं. जाताना त्या जिन्याच्या तोंडाशी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे हो तुमचं. त्या दिवशी बोलायचं राहून गेलं." काका पाचेक मिनिटं दारातच उभे होते.

पुढच्या आठवड्यात कचेरीतून एक मोठं पाकीट आलं. काकांनी ते कडेने कापून उघडलं. आत पत्र होतं, सपाट, शिक्क्यासह. 'आपले पत्र क्रमांक एक या कचेरीस मिळाले. त्यावर विचार चालू आहे. मूळ पत्र सापडत नसल्याने कृपया त्याची प्रत पाठवावी.' खाली सही होती, आणि सहीच्या वर चौतीस वर्षांत पहिल्यांदाच 'आपला विश्वासू' असं लिहिलेलं होतं.

काका पत्र घेऊन मागच्या खोलीत गेले. काकू खिडकीपाशी बसल्या होत्या, मैदानात कुणी सायकल शिकत होतं ते पाहत. त्या जरा पुढे वाकल्या की खुर्ची डुगडुगत होती. काका भिंतींकडे पाहत उभे राहिले. एवढा एक कागद ठेवायलाही त्यांत फट नव्हती.

"कुणाचं पत्र?" काकूंनी विचारलं.

"कचेरीचं. उत्तर आलंय."

काकू वळल्या. त्यांनी त्यांचा चेहरा पाहिला आणि हळूच विचारलं, "काय म्हणतायत?"

"प्रत मागतायत," काका म्हणाले. मग म्हणाले, "जरा उठ बघू."

काकू उठल्या. काकांनी पत्र गुडघ्यावर धरलं, एकदा घडी घातली, नखाने दाबली. पुन्हा एक घातली. मग आणखी एक. आणि खाली वाकून त्यांनी ते खुर्चीच्या आखूड पायाखाली सरकवलं.

"आता बस," ते म्हणाले.

काकू बसल्या. खुर्ची हलली नाही.